घरचं नाव

निर्मलच्या शाळेत पहिल्याच दिवशी विशाखाला पेरू भोवला.

खाल्लेला पेरू नव्हे. ऐकलेला. मुधोळकडच्या गावात आठवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली ही मुलगी, वडिलांची बदली झाली म्हणून तेलंगणातल्या निर्मल गावी आली, आणि इथं नववीचा अख्खा वर्ग तेलुगूत. हजेरीपट उघडून बसलेल्या टीचरनी तिच्याकडे बघून विचारलं, “नी पेरु?”

विशाखा ताडकन उभी राहिली. दप्तर चाचपलं आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, “पेरू नाही मॅडम, सीताफळ हाय. देऊ?”

तेलुगूत पेरु म्हणजे नाव, हे तिला कोण सांगणार? मग पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं, जिला दोन्ही भाषा येत होत्या, शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि ते बाकाबाकावरून असं सुसाट पळत मागं पोचलं की शेवटी टीचरसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. त्या दिवसापासून विशाखा सुधाकर सोनकांबळे हिचं नाव ‘जामकाया’ पडलं. जामकाया म्हणजे पेरू. आता बोला!

बोलायला मात्र कोणी नव्हतंच. मधल्या सुट्टीत मुली घोळक्यानं बसायच्या आणि विशाखा हापशाजवळच्या कट्ट्यावर एकटी भाकरी खायची. घरी यायची तर दाराला कुलूप. आत दोन ताटं, दोन पेले, एक स्टोव्ह. वडील, म्हणजे सुधाकर गुरुजी, उशिरा यायचे, पोळ्या लाटता लाटता विचारायचे, “झाला का अभ्यास?” ती म्हणायची, “झाला.” मग स्टोव्ह एकटाच आवाज करत राहायचा. आई तर तिला आठवतच नव्हती. तिला आठवायची ती आत्या.

आत्या म्हणजे प्रयागबाई, गुरुजींची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली, आडनावही पुन्हा माहेरचंच लावायला लागली, आणि भावजय गेल्यावर तिनं तान्ह्या विशाखाला उचललं ते खाली ठेवलंच नाही. वेणी तिनं घालायची, ताप तिनं उतरवायचा, गुरुजींवर ओरडायचंही तिनंच. आणि त्या ओरडण्यावरूनच सगळं झालं. विशाखा पहिलीत होती. घरी पाहुणे आले होते, कशावरून तरी आत्यानं मधे तोंड घातलं, आणि गुरुजी सगळ्यांसमोर म्हणाले, “अक्का, हे घर माझं हाय. तुझं नाही.” एवढंच. दुसऱ्या दिवशी विशाखा शाळेतून आली तर आत्याची पत्र्याची पेटी जागेवर नव्हती. पेटीखालची जमीन तेवढी चौकोनी, स्वच्छ, ओलसर दिसत होती. विशाखा कितीतरी दिवस त्या चौकोनात पाय ठेवत नव्हती.

मग कैक वर्षांनी गावाकडच्या पत्त्यावर एक पार्सल आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत चिंध्यांत गुंडाळलेलं लाकडी सीताफळ, रंगवलेलं, इतकं हुबेहूब की विशाखानं आधी दाबून बघितलं. वर पोस्टाचा गोल शिक्का. निर्मल. गुरुजी म्हणाले, “कोण्या पोराच्या बापानं पाठवलं असंल,” आणि ते फडताळात ठेवून दिलं. पण लहानपणी जंगलातलं सीताफळ फोडून तिला बी काढून कोण भरवायचं, हे काय विशाखाला माहीत नव्हतं?

म्हणून बदलीचं गाव निर्मल आहे हे कळलं तेव्हा ती आनंदानं नाचली होती. आता वर्गात जामकाया म्हणोत की भोपळा म्हणोत, ह्या गावात आपली आत्या आहे आणि ती शोधून काढायची, एवढं तिनं ठरवून टाकलं.

पण शोधायचं कसं? गाव केवढं! आणि पाट्या सगळ्या तेलुगूत. तेव्हा विशाखानं आधी अक्षरांनाच धरलं. बसवर एक अक्षर, साबणाच्या जाहिरातीवर दुसरं, दवाखान्याच्या पाटीवर तिसरं. तेलुगू अक्षरं कशी, गोल गोल, जिलबीसारखी. आधी सगळ्या जिलब्या सारख्याच दिसायच्या. मग एके दिवशी रस्त्यानं चालता चालता तिच्या तोंडून आपोआप निघालं, “वें-क-टे-श्व-र कि-रा-णा,” आणि तिला इतका हर्ष झाला की ती दुकानदाराला म्हणाली, “वाचलं!” दुकानदार म्हणाला, “क्या होना?” काहीच नको होतं. कोणाला तरी सांगायचं होतं, बस.

ते निवडणुकीचं साल होतं. नागरिकशास्त्राच्या तासाला टीचर म्हणाल्या की मतदारांच्या याद्या ऑफिसच्या व्हरांड्यात लावतात, आणि त्या कोणीही बघू शकतं. कोणीही! विशाखाचे कान टवकारले. गावात राहणाऱ्या झाडून सगळ्या मोठ्या माणसांची नावं, घर नंबरासकट, भिंतीवर टांगलेली, आणि ती बघायला कोणाची परवानगी लागत नाही?

शाळा सुटली तशी ती मंडल ऑफिसात. म्हातारी माणसं अजून त्याला तहसीलच म्हणायची. व्हरांड्यात वॉर्डावॉर्डाचे कागदांचे गठ्ठे सुतळीनं खिळ्यांना अडकवलेले. तिनं पहिला गठ्ठा हातात घेतला तोच खिडकीतून आवाज आला, “ए पोरी, तो काय पतंग हाय का?”

बोलणारा नागनाथ नावाचा कारकून होता. मुधोळकडचाच, मराठी बोलणारा, कानावर पेन्सिल. विशाखा म्हणाली, “कोणी बी पाहू शकते ना काका? आमच्या पुस्तकात हाय.”

“पुस्तकात हाय?” नागनाथ मागं वळून म्हणाला, “ऐका हो, आता पुस्तकातनं कायदा आला हाफिसात!” मग तिच्याकडे बघून, “पाय. पण पानं फाडू नको. आन् आक्षेपाची मुदत संपली का सगळं उतरवून आत टाकणार हाओ आमी. मंग तुझं पुस्तक बी काही करू शकनार नाही.”

विशाखानं कामाला सुरुवात केली. तेलुगू लोक आडनाव आधी लिहितात हे तिला शाळेत कळलं होतं. म्हणजे सोनकांबळे प्रयागबाई. पानावरचा पहिला शब्द तेवढा बघायचा, ‘सो’ असेल तर थांबायचं, नाही तर बोट खाली. ह्या युक्तीवर ती भलतीच खूश होती. सगळी नावं वाचत बसली असती तर म्हातारी झाली असती! रोज शाळा सुटली की व्हरांडा. सोमा आले, सोमवारपु आले, सोलंकी आले. बोट खाली, बोट खाली. तिच्याशी कोणी बोलत नव्हतं, पण संध्याकाळपर्यंत तिच्या डोळ्यांखालून एवढी माणसं जायची की घरी परतताना तिला वाटायचं, आपण ह्या गावातल्या सगळ्यांना ओळखतो. फक्त आपल्याला कोणी ओळखत नाही.

आणि एके दिवशी सापडलं. सोनकांबळे! तिनं बोट तिथंच दाबून धरलं. पुढचं अक्षर वाचलं. सु. त्यापुढचं. धा. सोनकांबळे सुधाकर. घर नंबर त्यांचाच. नवीन नोंद, तिचे बाबा. अख्ख्या निर्मलमध्ये एकच सोनकांबळे निघाला, आणि तो तिच्याच घरी पोळ्या लाटत होता.

ती हसायला गेली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नागनाथनं ते खिडकीतून बघितलं. बाहेर येऊन म्हणाला, “कोणाला शोधून राह्यली तू?”

“आत्याला.”

“किती वर्षं झाले?”

“मी पहिलीत होतो तवा गेली.”

नागनाथनं कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा अडकवली. “मुनशिपाल्टीत पाह्यलं का? तिथं... दुसऱ्या नोंदी राह्यतेत.”

“कोणत्या?”

तो परत आत गेला. पण विशाखाला कळलं. जन्माची वही आणि तिच्या शेजारची वही.

तिथं ती दोन दिवस गेलीच नाही. तिसऱ्या दिवशी गेली. आतला माणूस चष्म्यावरून बघत म्हणाला, कोण वारलं? ती म्हणाली, कोणी नाही वारलं, तेच पाह्यचं हाय. त्याला काय कळलं देव जाणे, पण त्यानं वही काढली आणि एकेक पान उलटत तो बोलत गेला, मृताचं नाव, बापाचं नाही तर नवऱ्याचं नाव. विशाखा खिडकीचा गज धरून उभी. तो ‘प्र’ म्हणाला की तिचा हात घट्ट व्हायचा, मग ‘प्रमीला’ निघायची, ‘प्रभाकर’ निघायचा, आणि हात सैल व्हायचा. कोणाचं तरी माणूस गेलं होतं आणि तिला बरं वाटत होतं. शेवटी तो वही मिटून म्हणाला, “लेदु.” नाही.

नाही! आत्या मेलेल्यांत नव्हती. विशाखा पायऱ्या उड्या मारत उतरली. खाली रस्ता होता, सायकली होत्या, शेंगा भाजणारा होता. ह्यातल्या एकालाही ती सांगू शकत नव्हती की माझी आत्या मेलेली नाही. आणि जिवंतांच्या यादीतही नाही. मग आहे तरी कुठं? ती तशीच घरी आली, कुलूप काढलं आणि फडताळातलं लाकडी सीताफळ मांडीत घेऊन बसली.

त्या संध्याकाळी तिनं पहिल्यांदाच विचारलं, “बाबा, आत्याचं गाव कोणतं असंल आता?”

गुरुजींची पोळी तव्यावर जराशी जास्तच राहिली. “स्टोव्हला पंप मार,” ते म्हणाले. रविवारी मात्र नेहमीसारखे “फिरून येतो” म्हणून निघाले ते दुपार कलल्यावर, घामेजून, परत आले.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी विशाखा व्हरांड्यात गेली ती नुसतीच बसली. गठ्ठे संपले होते. नागनाथ चहाला गेला होता आणि खिडकीत दुसरा कारकून होता, तेलुगू. त्याच्यासमोर एक मराठी बाई उभी होती, कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारी, केसांत अजून कापसाचे तंतू. नाव घालायला आली होती.

“पेरु?” कारकुनानं विचारलं.

“कौसल्याबाई,” बाई म्हणाली. एवढं तेलुगू तिला येत होतं.

“इंटि पेरु?”

इंटि म्हणजे घरचं. घरचं नाव, म्हणजे तेलुगूत आडनाव. बाई लाजली. पदर सारखा केला. “घरचं? घरी मला ठमी म्हंतेत.”

कारकुनानं मान हलवली आणि लिहिलं. ठमी कौसल्याबाई.

तेवढ्यात नागनाथ चहा घेऊन आला, त्यानं कागदावर नजर टाकली आणि चहा सांडेपर्यंत हसला. “झालं! घ्या! आता ही बाई सरकारात मरेपर्यंत ठमी! ओ बाई, घरचं नाव म्हणजे आडनाव, आडनाव! तुमाले घरी काय लाडानं म्हंतेत ते नाही इचारलं त्यानं!”

बाईही हसायला लागली, तेलुगू कारकूनही हसला. विशाखा हसली नाही. तिला एकदम दप्तर, सीताफळ आणि हसणारा वर्ग आठवला होता. पेरू. तिची आणि ह्या बाईची चूक एकाच झाडाची होती.

“काका,” ती उठून खिडकीशी गेली, “असं लई होते का?”

“लई? पोरी, एकीनं तर घरचं नाव म्हणून म्हशीचं नाव सांगितलं होतं. कारकुनाला काय, त्याला वाटते असंल बुवा मराठ्यायचं असं बी आडनाव.”

विशाखा वळली आणि पहिला गठ्ठा पुन्हा हातात घेतला. पहिला शब्द बघायचाच नाही. तो काहीही असू शकतो. दुसरा शब्द बघायचा. प्र. इतके दिवस जी सगळी नावं ती बोटाखाली दाबून पुढं गेली होती, त्यांच्या दुसऱ्या शब्दांवरून तिची नजर पळायला लागली. ऑफिस बंद व्हायला आलं. शिपायानं कुलपाचा आवाज केला. नागनाथ त्याला म्हणाला, “थांब ना बे जरा.”

जुन्या बाजारामागच्या वॉर्डाच्या गठ्ठ्यात, मधल्या एका पानावर, दुसरा शब्द आला. प्रयागबाई.

विशाखानं पहिला शब्द वाचला. मग पुन्हा वाचला. तिला वाटलं कोणीतरी चेष्टा केली, वर्गातल्या पोरींनी येऊन लिहून ठेवलं. पण शाई जुनी होती, आणि पोरींनी लिहिलं असतं तर जामकाया लिहिलं असतं.

विशाखा प्रयागबाई.

ह्या यादीत तिचंच नाव होतं. ह्याच्यावरून तिचं बोट गेलं होतं, बहुतेक पहिल्याच आठवड्यात. ‘सो’ नव्हता ना!

“सापडली?” नागनाथनं विचारलं.

तिनं घर नंबर तळहातावर शाईनं लिहिला आणि मूठ बंद करून पळाली.

गुरुजी नुकतेच येऊन चप्पल काढत होते. विशाखानं मूठ उघडून त्यांच्यापुढं धरली. “बाबा, आत्याचं घर.”

तिनं सगळी तयारी केली होती. ते रागावले तर काय बोलायचं, नाही म्हणाले तर काय बोलायचं. गुरुजींनी तिचा तळहात हातात घेतला, आकडे वाचले आणि विचारलं, “हे कोणत्या गल्लीत येते? जुन्या बाजाराच्या त्या अंगानं का? तिकडं मी गेलोच नाही.”

विशाखा त्यांच्याकडे बघतच राहिली. “बाबा, तुमी रविवारी...”

“मंग रविवारी काय मी हवा खायला जातो का?”

“मंग कोणाला इचारलं काऊन नाही?”

“कोणाला इचारू? काय म्हणून इचारू? माझी अक्का मी घालवली, तुमी पाह्यली का, असं?” गुरुजींनी काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली, डावी उजव्यात, मग बदलली. “निर्मलला बदली द्या म्हणून मीच अर्ज केला होता. शिक्का मी बी पाह्यला होता पार्सलावरचा.”

म्हणजे एकाच घरात, एकाच स्टोव्हभोवती बसून, दोघं एकाच माणसाला शोधत होते आणि दोघांनी एकमेकांना काही सांगितलं नव्हतं! विशाखाला त्यांचा असा राग आला, आणि असं वाटलं की त्यांचा हात सोडूच नये. तिनं दोन्ही केलं. रागानं हात धरला आणि ओढत बाहेर नेलं.

जुन्या बाजारामागची गल्ली अरुंद होती. दारादारांत अर्धवट रंगवलेली लाकडी खेळणी वाळत मांडलेली, पोपट, मोर, केळी. नळावर एक जाडजूड बाई घागर भरत होती. गुरुजींनी त्यांच्या मोडक्या तेलुगूत विचारलं, प्रयागबाई कुठं राहते?

“प्रयाग?” बाईनं डोकं हलवलं. असं कोणी नाही इथं.

गुरुजींचा चेहरा पडला. विशाखा पुढं झाली आणि तिनं तळहात दाखवला. बाईला वाचता येत नव्हतं. तेव्हा विशाखानं नंबर म्हणून दाखवला, आणि मराठी बोलते, एकटी राहते, असं तेलुगूत सांगितलं.

“आँ!” बाई एकदम हसली. तिचं नाव लक्ष्मव्वा. ती भराभर बोलत सुटली आणि विशाखाला त्यातलं जवळजवळ सगळं समजलं: ते प्रयाग-बियाग आमच्या जिभेला वळत नाही बाई, रेशनकार्डावर जे पुढं लिहिलंय तेच आम्ही म्हणतो, सगळी गल्ली म्हणते, पोस्टमनसुद्धा. मग तिनं घागर खाली ठेवली, तोंडाशी हात धरला आणि गल्लीच्या टोकाकडे हाळी दिली:

“ओ विशाखम्मा!”

“ओ!” विशाखा म्हणाली. सवयच ती. कोणीतरी नावानं हाक मारली की ओ द्यायची. ह्या गावात तिला तशी हाक कोणी मारलीच नव्हती.

आणि त्याच वेळी शेवटच्या दारातूनही कोणीतरी म्हणालं, “ओ!”

दारात एक बाई आली. केस अर्धे पांढरे झालेले, दोन्ही हात कोपरापर्यंत चिंचोक्याच्या खळीनं माखलेले, एका हातात रंग न दिलेलं लाकडी फळ. तिनं लक्ष्मव्वाकडे बघितलं, गुरुजींकडे बघितलं, मग विशाखाकडे. बराच वेळ बघितलं. तिच्या हातातलं फळ खाली पडलं आणि घरंगळत नाल्याच्या कडेला जाऊन थांबलं. कोणी ते उचललं नाही.

विशाखानं इतके दिवस मनात किती वाक्यं जुळवली होती. ती सगळी सोडून ती दारापाशी गेली.

“ही वेणी कोणं घातली?” आत्या म्हणाली.

“मी.”

“भांग तिरपा हाय.”

“मागून दिसत नाही ना मला,” विशाखा म्हणाली, आणि मग ती रडायला लागली, भर गल्लीत, लहान पोरासारखी मोठ्यानं. आत्यानं तिला जवळ घेतलं पण हात लांब धरले, खळ लागेल म्हणून. मग ते विसरली.

गुरुजी उंबऱ्याबाहेर उभे होते. शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखे. आत्यानं विशाखाच्या डोक्यावरून त्यांच्याकडे बघितलं.

“सुधाकर, चप्पल तिथंच काढ,” ती म्हणाली. “हे घर माझं हाय.”

“हो अक्का,” गुरुजी म्हणाले, आणि चपला काढून, जोडून, भिंतीशी सरळ ठेवल्या. तरी आत येईनात. आत्या बाजूला सरकली. तेव्हा आले.

आत एक खाट, एक चूल, कोपऱ्यात ती पत्र्याची पेटी. विशाखा पेटीवर बसली आणि नाक पुसत म्हणाली, “आत्या, तू त्या लिस्टवाल्याला माझं नाव काऊन सांगितलं?”

“मी कुठं सांगितलं? त्यानं इचारलं, घरचं नाव?” आत्या चुलीकडे वळली, तिची पाठच दिसत होती. “मी म्हटलं, घर तं सोडून आलो, बाबा. तिथं एकच नाव हाय. ते घे लिहून.”

गुरुजी खाली बघत होते. चुलीतलं लाकूड धुरावलं होतं, आत्या फुंकणी शोधत होती आणि ती तिच्यासमोरच पडलेली होती.

दारातून लक्ष्मव्वा आत डोकावली. तिनं ते नाल्यापाशी पडलेलं लाकडी फळ पुसून आणलं होतं. ते विशाखाच्या हातात देत तिनं प्रेमानं विचारलं, “नी पेरु एंदि, पिल्ला?”

ह्या वेळी विशाखाला प्रश्न नीट कळला होता. तिनं मान ताठ केली आणि स्पष्ट सांगितलं, “विशाखा.”

लक्ष्मव्वानं कीव आल्यासारखं तिच्याकडे बघितलं. पोरीला प्रश्नच समजला नाही, असं तिला वाटलं. तिनं आत्याकडे बोट दाखवून नकारार्थी मान हलवली, मग विशाखाच्या छातीवर बोट ठेवलं आणि पुन्हा एकदा, अगदी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून विचारलं, “नी... पे... रु?”